पडदे नसलेल्या वर्गात अपवर्तन आणि भिंगे कशी दाखवावीत?

प्रश्न : कोयनाकाठ

नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ ही दोन प्रकरणे यंदा केवळ फळ्यावरील किरणाकृतींवर उरकायची नाहीत, असे ठरवले आहे. अडचण अशी की प्रयोगशाळेत कडा उडालेल्या दोनच काचेच्या चिपा आणि एक बहिर्वक्र भिंग आहे, वर्गात साठ मुले आहेत आणि खिडक्यांना पडदे नसल्यामुळे अंधार करता येत नाही. वाटीतले नाणे आणि पाण्यात वाकडी दिसणारी पेन्सिल हे प्रयोग मी दरवर्षी करते. परंतु ते पहिल्या दोन बाकांपलीकडे पोहोचत नाहीत आणि ‘गंमत आहे’ यापुढे मुलांच्या हाती काही लागत नाही.

म्हणून मला अशी प्रात्यक्षिके हवी आहेत ज्यांचे साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळेल, एकूण खर्च पाचशे रुपयांच्या आत राहील आणि शेवटी मुलांना वहीत एखादा आकडा मोजून लिहिता येईल. लेझर पॉइंटर वर्गात वापरावा की नाही, याबद्दलही अनुभवी शिक्षकांचे मत हवे आहे.

आणखी एक शंका. काचेच्या ग्लासाखाली नाणे ठेवून ग्लासात पाणी ओतले की नाणे दिसेनासे होते. याचे स्पष्टीकरण एका चित्रफितीत ‘ग्लासाच्या बाजूच्या भिंतीवर पूर्ण आंतरिक परावर्तन होते’ असे दिले आहे, तर दुसरीत ‘ग्लासाच्या तळाशी होते’ असे दिले आहे. यांतले खरे कोणते?

उत्तर : प्रयोगवही

मॅडम, अंधार नाही याची फार चिंता करू नये. भिंगांचे प्रकरण तर उजेडी खिडकी असलेल्या वर्गातच अधिक चांगले शिकवता येते.

भिंगांसाठी प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात जाण्याची गरज नाही. आठवडी बाजारात किंवा बसस्थानकाबाहेर वाचनाचे तयार चष्मे विकणारा असतो. त्याच्याकडून +२ आणि +४ क्रमांकाचा एकेक चष्मा घ्यावा. हा क्रमांक म्हणजेच पाठ्यपुस्तकातील भिंगाची शक्ती, डायऑप्टरमध्ये. +२ चे नाभीय अंतर ५० सेमी आणि +४ चे २५ सेमी यायला हवे. मुलांना हे आधी सांगू नये. खिडकीसमोरच्या, सावलीतल्या भिंतीवर कोरा कागद चिकटवावा, चष्म्याचे एक भिंग त्याच्यासमोर धरून मागेपुढे करावे आणि बाहेरच्या झाडाची उलटी, रंगीत प्रतिमा स्पष्ट झाली की मोजपट्टीने अंतर मोजावे. झाड वाऱ्याने हलत असेल तर प्रतिमेतही हलते, आणि वास्तव प्रतिमा म्हणजे काय हे मुलांना तेथेच कळते. मीटरमधील अंतराचा व्यस्त काढला की चष्म्यावरचा क्रमांक मिळतो. ज्यांच्या घरी आजीआजोबांचा वाचनाचा चष्मा आहे ती मुले हा प्रयोग घरी जाऊन पुन्हा करतात, असे मी पाहिले आहे.

येथे एक बारकावा मुद्दाम वापरण्यासारखा आहे. झाडाऐवजी पाच मीटरवरच्या खिडकीच्या गजांची प्रतिमा घेतली, तर +२ च्या भिंगासाठी अंतर ५० नव्हे, सुमारे ५५.५ सेमी येते. काही गट झाडाची आणि काही गट गजांची प्रतिमा घेतील अशी व्यवस्था करावी. उत्तरे जुळत नाहीत असे दिसले की भिंगाच्या सूत्राची गरज मुलांनाच भासते, आणि दोन्ही उत्तरे त्याच सूत्राने समजावता येतात.

पुढची पायरी भिंगांच्या संयोगाची. +२ चा चष्मा आणि +४ चा चष्मा एकमेकांना चिकटवून धरले की प्रतिमा सुमारे १७ सेमीवर येते, म्हणजे शक्ती +६. लघुदृष्टीच्या चष्म्याचे अंतर्वक्र भिंग एकटे कागदावर प्रतिमा देत नाही, त्यामुळे त्याचे नाभीय अंतर कसे मोजावे हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. −२ चे भिंग +४ ला चिकटवले की प्रतिमा ५० सेमीवर सरकते, आणि बेरीज-वजाबाकीने ऋण क्रमांक उघड होतो. जुनी भिंगे चष्म्याच्या दुकानात मागितली तर बहुधा फुकट मिळतात. मात्र सिलिंड्रिकल क्रमांकाची (वेगवेगळ्या दिशांत वेगळी शक्ती असलेली) आणि दुहेरी, म्हणजे बायफोकल, भिंगे बाजूला काढावीत, कारण त्यांची प्रतिमा एका अंतरावर नीट स्पष्ट होत नाही.

दुसरे प्रात्यक्षिक उन्हाचे. ते परावर्तनात मोडते, पण प्रकाशाची सुरुवात करायला यासारखे दुसरे काही नाही. खिशात मावणाऱ्या आरशावर काळा कागद चिकटवून त्यात साधारण पाच मिलिमीटरचे छिद्र ठेवावे, आरसा अंगणात विटेच्या आधाराने पक्का करावा आणि उजेडाचा ठिपका वर्गाच्या आतल्या भिंतीवर पाडावा. छिद्र त्रिकोणी कापले तरी दहा-बारा मीटरवर ठिपका गोलच पडतो, कारण तो छिद्राचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. ठिपक्याचा व्यास मोजून त्यातून छिद्राची रुंदी वजा करावी आणि आरशापासूनच्या अंतराने भागावे. १२ मीटरवर वजाबाकीचे उत्तर सुमारे ११ सेमी येते. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे हे पुस्तकातून घेतले, तर मुले स्वतः सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास काढतात. प्रत्यक्षात तो सुमारे १३.९ लाख आहे. ठिपक्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवले, तर साधारण दोन मिनिटांत ठिपका वर्तुळाबाहेर निघून जातो. आरशात कोणीही डोकावू नये, एवढी एकच सक्त ताकीद द्यावी.

अपस्करणासाठी, म्हणजे पांढऱ्या प्रकाशातील रंग वेगळे करून दाखवण्यासाठी, परातीत पाणी घेऊन त्यात आरसा तिरका बुडवावा आणि कोवळ्या उन्हात परावर्तित प्रकाश छतावर किंवा सावलीच्या भिंतीवर घ्यावा. पाण्याचा पृष्ठभाग आणि आरसा यांच्यामधील पाचरीसारखे पाणी लोलकाचे काम करते. वर्णपंक्ती हातभर रुंद मिळते आणि शेवटच्या बाकालाही दिसते. पाणी स्थिर होईपर्यंत मात्र धीर धरावा लागतो.

उत्तर : अर्धवर्तुळ

प्रयोगवही यांची चष्म्यांची कल्पना उत्तम आहे आणि ढगाळ दिवशीही चालते. उन्हाच्या प्रयोगांबद्दल मात्र मी थोडा असहमत आहे. आमच्याकडे कोकणात ही प्रकरणे ज्या दिवसांत येतात त्या दिवसांत आठवडाभर ऊन दिसत नाही. तास ठरलेला आणि ऊन बेभरवशाचे, अशा स्थितीत हाताशी स्वतःचा प्रकाशस्रोत असलाच पाहिजे. शिवाय स्नेलचा नियम (आपतन आणि अपवर्तन कोनांच्या साइनांचे गुणोत्तर स्थिर असते) दाखवायचा तर रेषेसारखा बारीक किरण लागतो.

लेझर वापरावा, पण काही अटींवर. फक्त लाल लेझर घ्यावा. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापासून आधी १०६४ आणि मग ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तयार केला जातो. अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर स्वस्त उपकरणात पुष्कळदा नसतो, आणि तो प्रकाश दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. लाल पॉइंटरवर ‘१ मिलिवॅटपेक्षा कमी’ असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. पॉइंटर मुलांच्या हातात द्यायचा नाही. तो कपड्यांच्या चिमट्यात अडकवून टेबलावर, बाकांवर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली, पक्का करावा, आणि किरण जेथे संपतो तेथे पुठ्ठा उभा करावा.

आता प्रयोग. मिठाईचा सरळ भिंतींचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात पाणी भरावे आणि डेटॉलचे दोन थेंब टाकून ढवळावे. दूधही चालते, पण डेटॉलचे पाणी दुसऱ्या दिवशी वास मारत नाही. लेझरचा किरण पाण्यात लाल दोऱ्यासारखा उठून दिसतो. पाण्यावरच्या हवेत तो दिसावा म्हणून उदबत्तीचा धूर डब्यात कोंडून वर झाकण ठेवावे. डब्याच्या मागे मोठा कोनमापक आखलेला कागद चिकटवला की आपतन कोन आणि अपवर्तन कोन सरळ वाचता येतात. ३०° ला सुमारे २२°, ४५° ला सुमारे ३२° आणि ६०° ला सुमारे ४०.५° अशी वाचने यायला हवीत. कोनांचे गुणोत्तर तिन्ही वेळा वेगळे येते आणि साइनांचे गुणोत्तर दर वेळी १.३३ च्या आसपास येते. मुलांना आधी कोनांचेच गुणोत्तर काढू द्यावे. ते स्थिर राहत नाही हे पाहिल्यावर साइन कशासाठी हा प्रश्न उरत नाही. प्राचीन ग्रीक विद्वान टॉलेमी यानेही सुमारे १,९०० वर्षांपूर्वी पाण्यातील अपवर्तनाचे कोन मोजून तक्ता केला होता, पण साइनचा नियम त्याला सापडला नाही, एवढी पुस्ती जोडायला हरकत नाही.

त्याच डब्यात लेझर बाजूच्या भिंतीतून, खालून वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे न्यावा आणि हळूहळू आडवा करत जावा. पृष्ठभागाच्या लंबाशी होणारा कोन ४८.६° च्या, म्हणजे पाण्याच्या क्रांतिक कोनाच्या, पुढे गेला की वर हवेत जाणारा किरण नाहीसा होतो आणि संपूर्ण प्रकाश खाली परततो. त्या आधीही थोडा प्रकाश परततच असतो आणि क्रांतिक कोन जवळ येईल तसा तो वाढत जातो. पुस्तकातील आकृतीत ही गोष्ट दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम दाखवावी.

वेळ उरलाच तर प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ गुळगुळीत कडेचे छिद्र पाडून पाण्याची धार बादलीत सोडावी आणि समोरच्या बाजूने लेझर त्या छिद्रावर रोखावा. किरण धारेबरोबर वळतो आणि बादलीत लाल ठिपका पडतो. जिनिव्हाचे भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल कोलाडॉन यांनी १८४१ साली असाच प्रयोग, अर्थात लेझरशिवाय, सभागृहात केला होता. प्रकाशतंतूची गोष्ट येथून पुढे नेता येते.

प्रत्येक गटाच्या हाती काही द्यायचे असेल तर लेझर नको. मोबाइलचा टॉर्च आणि मध्ये बारीक चीर पाडलेला पुठ्ठा एवढे पुरते. किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास नेहमीपेक्षा घट्ट शिजवून पसरट ताटात थापावा आणि गार झाल्यावर सुरीने अर्धवर्तुळ, आयत आणि भिंगाच्या आकाराचे तुकडे कापावेत. चायना ग्रास किंचित धुरकट असल्यामुळे प्रकाशाची वाट आतही दिसते. प्रयोगशाळेतील कडा उडालेल्या चिपेपेक्षा हे तुकडे बरे, आणि अंतर्वक्र भिंगसुद्धा वाटीच्या कडेने कापता येते. मागच्या बाकांचा प्रश्न मोबाइलनेच सुटतो : वर्गात दूरदर्शन संच असेल तर मोबाइल स्टँडला लावून प्रयोगाचे दृश्य त्यावर द्यावे. पण त्यामुळे प्रयोगही चित्रफीतच वाटू लागतो, म्हणून मुलांना चार-चार करून टेबलाजवळ बोलावणे मी तरी सोडत नाही.

उत्तर : तिरपा किरण

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. नाण्याच्या शंकेपुरते लिहितो, कारण हा प्रयोग दिसतो त्यापेक्षा खोल आहे.

दोन्ही चित्रफितींचे म्हणणे बरोबर आहे. प्रकाशाची वाट उलट दिशेनेही तीच असते, त्यामुळे आपण नाण्यापासून डोळ्याकडे गेलो तर अडथळा बाजूच्या भिंतीवर भेटतो आणि डोळ्यापासून नाण्याकडे गेलो तर तळाशी भेटतो. नाण्याकडून निघूया. नाणे आणि ग्लासाचा तळ यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. त्या हवेतून काचेत आणि काचेतून पाण्यात शिरणारा किरण कितीही आडवा आला तरी पाण्यात उभ्या रेषेपासून ४८.६° पेक्षा जास्त कलू शकत नाही. याचा अर्थ असा की बाजूच्या भिंतीवर तो किमान ४१.४° आपतन कोनाने आदळतो. भिंतीबाहेर हवा आहे, आणि ४८.६° पेक्षा जास्त आपतन कोन असलेले किरण तेथे पूर्ण परावर्तित होतात. त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत नाण्याचा प्रकाश पोहोचत नाही. परावर्तित झालेला प्रकाश वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडतो, म्हणूनच जादूगार ग्लासावर बशी झाकतो.

चाणाक्ष विद्यार्थी येथे थांबवील : ४१.४° आणि ४८.६° यांच्यामधल्या किरणांचे काय? ते खरोखरच बाहेर पडतात, पण भिंतीबाहेर येताना आडव्या रेषेपासून सुमारे ६२° किंवा त्याहून अधिक वर वळलेले असतात. शिवाय ते तळात जवळजवळ सरपटत शिरलेल्या किरणांपासून आलेले असल्यामुळे फार क्षीण असतात. ग्लासाच्या भिंतीलगत डोळा नेऊन बरेच वरून खाली पाहिले तर नाण्याची एक अंधुक कड दिसू शकते.

ही फटसुद्धा बंद करता येते. गणित सोपे आहे. पाण्याच्या जागी अपवर्तनांक n असलेला द्रव असेल, तर आत शिरलेल्या किरणाचा उभ्या रेषेशी जास्तीत जास्त कोन म्हणजे ज्याची साइन १/n आहे तो कोन, म्हणजेच क्रांतिक कोन. आणि भिंतीवरचा किमान आपतन कोन हा त्याचा कोटिकोन, म्हणजे ९०° मधून तो वजा करून उरलेला कोन. हा कोटिकोन क्रांतिक कोनाएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर एकही किरण बाजूने बाहेर पडत नाही. त्यासाठी n किमान √२, म्हणजे १.४१४ असावा लागतो. पाण्याचा १.३३ कमी पडतो. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या पाकाचा अपवर्तनांक खोलीच्या तापमानाला सुमारे १.४२ असतो, म्हणजे तो नेमका पलीकडे जातो. औषधाच्या दुकानातील ग्लिसरीनचा १.४७ आहे. एक ग्लास पाण्याचा आणि एक पाकाचा शेजारी ठेवून फरक शोधायला सांगावे. पाक पूर्ण विरघळून निवल्याशिवाय प्रयोग करू नये, अन्यथा आतल्या लाटांमुळे काहीच स्पष्ट दिसत नाही.

नाण्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून वर तोच ग्लास ठेवला की नाणे पुन्हा दिसू लागते. हवेचा थर गेला, त्यामुळे ४८.६° ची मर्यादाही गेली. ‘पाण्याने प्रकाश वाकतो म्हणून नाणे दिसत नाही’ असे मोघम उत्तर देणाऱ्या मुलाला हे दाखवून पुन्हा विचार करायला लावावे. ग्लासाचा तळ ओला राहिला असेल तर पहिलाच प्रयोग फसतो, म्हणून तळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.

ग्लिसरीन आणलेच असेल तर प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी त्यात बुडवावी. दोघांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्यामुळे नळीचा बुडालेला भाग दिसेनासा होतो. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलातही हे जवळपास तितकेच चांगले होते. नळीतही द्रव भरला पाहिजे. आत हवा राहिली तर ती स्पष्ट दिसते. साधा काचेचा ग्लास मात्र पुसट दिसत राहतो, कारण त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असतो.

उत्तर : बारावी-ब

प्रश्न दहावीचा आहे, तरी घरोघरी पडून असलेल्या सीडीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सीडीवरील लगतच्या मार्गिकांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते आणि डीव्हीडीवरील ०.७४. चिमट्यात पक्का केलेला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर सीडीवर लंब दिशेने सोडला, तर विवर्तनाचा (बारीक, समांतर रेघांमुळे प्रकाश ठरावीक कोनांत फाकण्याचा) पहिला ठिपका सुमारे २४° वर आणि दुसरा सुमारे ५४° वर मिळतो. डीव्हीडीवर पहिलाच सुमारे ६१° वर जातो आणि दुसरा मिळतच नाही. परावर्तित ठिपके सर्व दिशांना जातात, त्यामुळे तबकडीभोवती पुठ्ठ्याचे खोके हवेच.

ध्रुवणासाठी (प्रकाशाची कंपने एकाच दिशेत असणे दाखवण्यासाठी) जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पट्टी सोलून मोबाइलच्या पडद्यासमोर फिरवावी. पट्टी आणि पडदा यांच्यामध्ये प्लॅस्टिकची मोजपट्टी धरली की ती रंगीबेरंगी दिसते.

प्रतिसाद : कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नाण्याचा प्रयोग मी मनोरंजनासाठी करणार होते. आता तो क्रांतिक कोनानंतर घेईन आणि पाकाचा ग्लास शेजारी ठेवीन. दोन गोष्टी विचारते. चष्म्याचे भिंग चौकटीसकट वापरावे की काढून घ्यावे? आणि साठ मुलांना प्रतिमा मोजायला लावताना स्पष्टतेचे ठिकाण प्रत्येकाला वेगळे वाटते, त्याचे काय करावे?

उत्तर : प्रयोगवही

चौकटीसकटच वापरावे, धरायला सोपे जाते आणि बोटांचे ठसे पडत नाहीत. दुसरे भिंग पुठ्ठ्याने झाका, म्हणजे कागदावर एकच प्रतिमा येईल.

स्पष्टतेबद्दल : +२ च्या भिंगाची प्रतिमा एक-दोन सेंटिमीटर मागेपुढे झाली तरी मुलांना सारखीच वाटते, +४ च्या बाबतीत ही अनिश्चितता बरीच कमी असते. भिंगासमोर मध्यभागी एक सेंटिमीटरचे छिद्र असलेला कागद लावला तर प्रतिमा अंधुक पण रेखीव होते. परंतु त्यामुळे योग्य जागा ठरवणे सोपे न होता अवघड होते, कारण मग प्रतिमा बऱ्याच अंतरापर्यंत स्पष्टच दिसते. म्हणून मोजताना पूर्ण भिंग उघडे ठेवावे. भिंग कागदाकडे आणताना प्रतिमा जेथे प्रथम स्पष्ट होते आणि जेथे पुन्हा बिघडू लागते, ती दोन्ही अंतरे लिहून त्यांचा मध्य घ्यायला सांगावे. निरीक्षण तक्त्यात या दोन अंतरांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवा.